पट्ट्याचा सांधा

इंदुरात हिला चक्की म्हणतात.
आई मात्र गिरणीच म्हणायची,
आणि बाबा जिथे तुटलेलं सूत जोडत म्हातारे झाले
तीही तिच्या तोंडी गिरणीच.
त्या गिरणीचा भोंगा थांबला
तेव्हा ही घेतली, हप्त्यांवर,
दहा हॉर्सपॉवर, परदेशीपुऱ्यात.
गल्ली विचारू नका, आवाजावरून सापडते.

म्हणूनच आली ती पोरं.
"आंटी, तुमच्या शेजाऱ्यांना सवय आहे,"
तस्नीमनं सरळ सांगितलं.
सियागंजात बापाचं नटबोल्टचं दुकान,
अंगात फिका गुलाबी रिदा, पिशवीत ड्रमच्या काड्या.
सुहृद तारे गाणी लिहितो. मराठीच,
पण आमच्या इथली,
हिंदी मध्येच शिरते आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही.
पुण्याचं कुणी म्हणालं, भाषा जरा धुऊन घे.
त्यानं नाही धुतली.
लोकेंद्र दिवसा बॅटऱ्या विकतो,
रात्री चार तारांचं जाड गिटार.
बोलत नाही.
विजेचं बिल भरतो, न मागता.

नऊला मी शटर अर्धं ओढते.
डबे रांगेत: चौकसे गहू बारीक,
कुशवाह ज्वारी, जोशी बेसन, घाई आहे.
ड्रम सुरू झाला की
भिंतींना धरून बसलेलं जुनं पीठ सुटतं
आणि बल्बखालून सावकाश उतरत राहतं
त्यांच्या केसांवर, तारांवर.
सुहृद शिंकतो. तालात शिंकायला शिकलाय.
पहिला महिना मला काही कळलं नाही.
दुसरा महिना डोकं दुखलं.
तिसऱ्या महिन्यात घरी कुकर लावायचा राहिला.

मग पट्ट्याचं.
मोटरचा पट्टा जुना, सांध्याला तारेनं शिवलेला,
प्रत्येक फेऱ्याला थप्प.
बावीस वर्षं ऐकून
मला तो ऐकूच येत नव्हता.
एका दुपारी तस्नीम दळण घेऊन आली, खरंच दळण,
आणि दारात उभीच राहिली,
चौकटीवर बोटं मोजत.
"आंटी, हा थप्प उशिरा येतो.
दर वेळी. आणि दर वेळी तेवढाच."
बदलायचाय गं, म्हटलं, पैसे आले की.
"थोडं थांबाल?"

थांबले.

कार्यक्रमाला तिकीट ऐंशी रुपये.
माणसं एकतीस, त्यातली चार डबे न्यायला आलेली,
तीही बसली, पोत्यांवर.
चौथ्या गाण्यात तस्नीमच्या पायाखाली तो आला,
थप्प,
उशिरा, पण चुकलेला नाही.
ज्वारीचं पीठ मांडीवर धरून बसलेल्या मिसाळकाकांनी
मान वर केली.
बाबांच्या पाळीतले ते, कान निम्मे तिथेच ठेवून आलेले.
माझ्याकडे वाकून मोठ्यानं म्हणाले,
"साचेखात्यातला ना हा?"
पुढच्या रांगेनं शुक् केलं.
मी म्हटलं, नाही काका, आपल्या चक्कीचा.
"पट्टाच ना पण?"
पट्टाच.
मग डोळे मिटून बसले.
जाताना पीठ विसरले, काठी नाही.

दसऱ्याला नवा पट्टा आला, बिनसांध्याचा.
आता दिवसभर दळते ती नुसती घूंऽ,
जणू कुणी जांभई देतंय आणि संपवत नाहीय.
माझा हात डबा उचलताना
थप्पची वाट बघतो,
थोडं पीठ सांडतं रोज.

गाणं गावभर फिरतंय म्हणे फोनमधून,
गावाबाहेरही. बेंगळुरूच्या एकानं विचारलं,
तालाला मशीन कुठलं वापरता?
सुहृदनं कळवलं, दहा हॉर्सपॉवरचं.

जुना पट्टा खिळ्याला लटकत होता.
काल लोकेंद्र त्याच्यासमोर उभा राहिला,
खूप वेळ,
आणि दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याशी बोलला:
"हाथभर मिलेगा?"
कात्रीनं कापेना. तस्नीमनं दुकानातून करवत आणली.
आता गिटार त्याच्यावर लटकतं,
सांधा बरोबर खांद्यावर.
टोचत असेल.
विचारलं तर हसतो नुसता.

सरका रे, जोशींचं बेसन राहिलंय.