माया

आमच्या गल्लीत त्याला चावरं म्हणतात, पिसाळलेलं म्हणतात,
बिराजदारांचा पोरगा तर
खिशात दगड घेऊनच दूध आणायला जातो.
मी त्याला डांबर म्हणते.
निलंग्याच्या बायपासचं काम चाललं होतं तेव्हा
टिप्परच्या चाकाखालून निसटलेलं पिल्लू.
पायाचा काळा डाग रॉकेलनं निघाला,
भीती निघाली नाही.

आधी मलाही कळत नव्हतं.
बुलेट आली की साखळीला हिसडे,
तोंडाला फेस, डोळ्यांत नुसतं पांढरं.
मी ओरडायची, ओढायची, एकदा चपलेनं मारलं.
मग त्याला बुलेटसोबत
चप्पलही आठवायला लागली.

मी ब्लाउज शिवते. डोळ्याला मापाची सवय.
रोज संध्याकाळी फिरवताना हळूहळू दिसत गेलं:
बुलेट तीन खांब लांब असते तेव्हा
तो कुत्रा असतो, माती हुंगतो, शेपूट सैल.
दोन खांबांवर कान पुढं, तोंड मिटलेलं,
जीभ एकदाच नाकावरून फिरते,
पाठीवर केसांची एक उलटी शिवण उभी राहते.
एका खांबावर
कुत्रा उरतच नाही, नुसता आवाज.

लोकांना तो एक खांबच दिसतो.

आता मी अडीचवरच वळते,
खैरुन्निसा आपांच्या गिरणीच्या बोळात.
बुलेट दिसली की भाकरीचा कुटका,
बुलेट गेली की कुटका बंद.
आपा म्हणाल्या, "इत्ते लाडां करे तो सर पे चढता उने."
पण आता पट्टा सुरू करायच्या आधी
दारातून हाक देतात,
"आवाज करूं क्या, डांबर?"

अण्णा आमचे, किल्लारीच्या भूकंपानंतर,
नऊ वर्षं पत्र्याच्या शेडात
दाराकडं पाय करून झोपले.
रात्री ट्रक गेला की धोतर सावरत उठायचे,
माझं बखोट धरून, "पळ."
ट्रक उसाचा असायचा.
त्यांना कुणी चावरं म्हटलं नाही.
आई दार उघडं ठेवायची,
आणि ते परत आत आले की
काही न बोलता तांब्या पुढं करायची.
तिला हे कुणी शिकवलं असेल?

कापड बेतताना शिवणीच्या आत
बोटभर जादा सोडतो, त्याला आम्ही माया म्हणतो.
अंग भरलं तर उसवून सैल करता येतं.
शिकायला येणाऱ्या पोरी
कापड वाचवायला आधी तीच कापतात,
मग बगलेत टरकलं की म्हणतात,
बाईच जाड झाली.

परवा अडीच खांबांवर
डांबरनं बुलेटकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
बघतच राहिले मी, कुटका द्यायचंच विसरले.

आज सकाळी टाकीच्या वळणावर
हेल्मेटवाला एकदम समोर. शून्य खांब.
सगळं पहिल्यासारखं. माझं कोपर सोललं.
ओरडले नाही. तिथंच रस्त्यात बसले,
त्याची धाप माझ्या धापेशेजारी,
दोन्ही कमी व्हायला बराच वेळ लागला.
बिराजदारांचा पोरगा पलीकडं उभा,
एका हातात किटली, दुसरा खिशात.
"काकू, म्या कुटं थांबू?"

तिथंच, म्हटलं.
थोडं अजून मागं.