वेलांटी आधी

मोईननं तो पीएसपी दिला अठराशेला.
हैदराबादच्या कुण्या पोराचा जुना,
काच एका कोपऱ्यात तडकलेली, चौकोनाचं बटन रुसलेलं.
'कंपनीचं काय बी अपडेट मारू नको,' म्हणाला,
'आत सगळं घरचं हाय.'
घरचं म्हणजे सांडगे, येसर असतो तसं,
कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी
रात्री जागून लिहिलेलं, फुकट वाटलेलं,
कुलूप काढून हळूच आत ठेवलेलं.

उदगीरला तेव्हा आठ-आठ तास लाईट नसायची.
बॅटरी पाण्यासारखी पुरवायची.

त्यात एक इम्युलेटर होता.
या यंत्रानं दुसऱ्या, मेलेल्या यंत्राचं सोंग घ्यायचं,
बहुरूपी फौजदार होऊन दारात येतो
आणि ओळखीचा असूनही आपण बनियनवर शर्ट चढवतो, तसं.
पण सोंग जड जायचं त्याला.
गाडी अडखळायची, संगीत तुटून तुटून यायचं.
'आवाज बंद कर,' मोईन म्हणाला, 'पळतंय बघ.'
केला.
पळालं.

शिवकांता दिवाळीला आली लातूरहून,
बहिऱ्या मुलांच्या शाळेतून, ट्रंकेसकट.
आवाज बंद ठेवून मी खेळतोय
हे तिनं पाहिलं, आवाजाच्या खुणेवरची फुली पाहिली,
आणि खात्री करायला माझ्या कानाला हात लावला.
तिसऱ्या दिवशी माझा स्कोअर
तिच्या स्कोअरखाली सातव्या नंबरावर होता.

मग मी तो प्लेअर टाकला, सबटायटल दाखवणारा.
देवणीच्या मावशीच्या लग्नाची सीडी
मोईनच्या कॉम्प्युटरनं रात्रभर दळून दिली,
आणि मी चार दुपारी बसून टाईप केलं
कोण काय बोललं ते.
मराठी फॉन्ट चढवला. अक्षरं आली,
पण त्या प्लेअरला बाराखडी कुणी शिकवलेली नव्हती.
पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून
शेजारणीच्या डोक्यावर जाऊन बसायची.
लग्न लिहावं तर ग लंगडा, न वेगळा उभा,
आणि शिवकांता झाली शविकांता.
ती इतकी हसली की आईनं पोळी तव्यावर सोडून
बाहेर येऊन बघितलं.

पांघरुणात एक स्क्रीन, दोन डोकी.
मामा म्हणायलाय, जिलेबी कमी पडली.
भटजी म्हणायलाय, घाई करा.
मावशी काहीच म्हणत नाही, तिथं मी काहीच लिहिलं नाही.
चौदाव्या मिनिटाला पंगत.
कॅमेरा हिरव्या फ्रॉकातल्या शिवकांतावर थांबतो, सहा वर्षांची,
मागं दोन बायका बोलतात,
आणि तिथं मी लिहिलं होतं: गोंगाट.
तिनं ते वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही.

सुट्टी संपली. ती गेली.
संक्रांतीला आली, गेली.
मोईन म्हणाला, तुझी बहीण आली होती दुकानात,
तासभर बसली, पैसे घेतले नाहीत मी.
त्या रात्री लाईट गेल्यावर मी उगीच लग्न लावलं.
जिलेबी, भटजी, घाई,
सगळं मी लिहिलेलं, तसंच तिरपागडं, वेलांट्या भरकटलेल्या.
चौदावं मिनिट.
हिरवा फ्रॉक. मागच्या दोघी.
गोंगाट नव्हता.
तिथं होतं: हिला कोण करून घेणार?

मी मागं घेतलं. पुन्हा बघितलं.
त्यातल्या एकीचे ओठ कॅमेऱ्याकडं होते.
हे मी चार दुपारी ऐकलं होतं,
तिला ऐकायची गरजच पडली नव्हती.

आणि मग दिसलं, वेलांटी
बरोबर ह च्या डोक्यावर होती.
सकाळी फाईल उघडली मोईनकडं.
तिनं वेलांटी आधी टाईप केली होती, अक्षर नंतर.
कॉम्प्युटरवर ते चुकलेलं दिसत होतं.
एवढंसं. मला चार दुपारी सुचलं नव्हतं.

मी बाकीच्या ओळी दुरुस्त करायला बसलो.
सगळ्या, पहिल्यापासून, एकेक वेलांटी मागं ओढत.
मोईननं चहा सांगितला.
तिची ओळ आली तेव्हा हात लावला नाही.