मापाची भेट

नाताळ चार दिवसांवर. माइल्स सिटीत पारा उणे एकोणीस.
लायल दाराशी बूट झटकतो,
म्हणतो, बायकोसाठी हवंय. गुपचूप.
छोटंसंच. मूठ गुलाबी असली तर बरं.

इंगा चष्म्यावरून बघते.
जोडा घेताना पाय नेतोस ना सोबत?
मग तिचा हात का घरी ठेवून आलास?
आणि छोटं म्हणजे हलकं, हलकं म्हणजे धक्का जास्त.
पहिल्या बारालाच डोळे मिटेल ती,
दुसरा बार होणारच नाही,
कपाटात पडून राहील,
अन् कपाटाला कुलूप आहे का, ते सांग आधी.
मुलगा केवढा झाला?

सात.

ती पिस्तूल काढते. रिकामं आहे, तिला ठाऊक आहे;
तरी स्लाइड मागे ओढते, करंगळीने चेंबर चाचपते,
नळी भिंतीकडे ठेवून त्याच्या हाती देते.

तो घेतो.
बोट थेट चापावर.

काही बोलत नाही इंगा. पिस्तूल परत घेते,
खणातून दोन पावत्या फाडते.
शनिवारचा वर्ग, सकाळी नऊ, डबा आपापला.
ही बायकोची.

आणि ही?

तिचं नाव घालून झालेलं असतं,
मोठ्या, वळणदार अक्षरात:
लायल.