अठरावा कोण?

कोल्हापूरच्या स्टँडवरून
लाल गाडीत बसलो दोघं.
आई खिडकीशी, मी तिच्या मांडीवर,
माझ्या मांडीवर माझं दप्तर.

हातकणंगल्याच्या पुढं, माळावर
बिरोबाचं देऊळ. दारात एक लिंब.
लिंबाखाली माणसंच माणसं,
आणि मेंढरं! मेंढरं तर किती!
पांढरी, काळी,
एक अर्धी-अर्धी.

मामा म्हणाला, "आलास व्हय रं बंड्या?"
माझं नाव बंड्या नाही, मायाप्पा आहे.
पण मामा मूठभर भंडारा घेऊन
कपाळावर असा काही चोळतो
की नाव सांगायचं राहूनच जातं.
नाकावर पिवळं, कानात पिवळं.
शिंकलो, तर शिंकसुद्धा पिवळी!

मग ढोल.
धडाम् धडाम् धिन्!
ढोल कानात नाही वाजत,
तो पोटात वाजतो,
भाकरी जाते ना, तिथं.
सगळे गोल फिरले, पाय एकदम.
माझेच पाय उलटे गेले.
मी आईच्या पदरामागं.

तेवढ्यात आली येसा.
पुढचे दोन दात पडलेले.
म्हणाली, "चल की! चुकलाथ तर चुकलाथ.
कोकरं पन चुकत्यात."

रात्री घोंगडी अंथरली कडेला कड,
ह्याची त्याला, त्याची तिला,
माळावर एकच काळं अंथरूण.
"मामा, टोचतंय!"
"टोचणारच. नवं माणूस दिसलं
की घोंगडं इचारतं, कोण रं तू?
सांग त्याला."
मी तोंड खुपसून हळूच सांगितलं.
येसानं ऐकलं. खुदकन हसली.

मामा रोज मेंढरं मोजतो,
वाघरीत घालताना, काठीनं.
आज त्यानं पोरं मोजली, तश्शीच.
"पंधरा... सोळा... सतरा...
अठरावा कोण?"

सगळी गप्प.

"मी!"
"मी म्हंजी कोण?"
"लगमाचा मायाप्पा!"
"हां, मग बराबर हाय.
सकाळधरनं सतराच भरत हुती,
कायतरी कमी वाटत हुतं."

घोंगडं अजून टोचत होतं.
थोडंसं. डाव्या गालाला.
पायाशी कुत्रं येऊन झोपलं,
ओलं नाक, गरम पोट.
त्याला कुणी मोजलंच नव्हतं.

मी मोजलं.
एकोणीस.