काटा

सांता इलारियाच्या वेशीवर, बंद स्टेशनाकडे पाठ करून
माझा वजनकाटा आहे.
उरुग्वेच्या नव्या नकाशात आमचं गाव ठळक छापलंय,
जुन्यात नव्हतंच.
एकोणतीस वर्षं मी इथे बसते.

पूर्वी लोकर यायची.
गाठींना ओल्या मेंढीचा वास,
हिशेबाच्या वहीलाही तोच.
हेरोनिमो आल्मादा गाठीवर बसूनच काट्यावर यायचा.
मी म्हणायचे, उतर, तुला कोण विकत घेणार?
तो उतरायचा, सावकाश,
एक पाय मात्र काट्यावर विसरून.
चार किलो, फार तर पाच.
त्याला वाटायचं, मला कळत नाही.

आता ओंडके येतात.
निलगिरीचे, सोललेले, सगळे एका जाडीचे,
एका शाळेतल्या मुलांसारखे.
नदीपल्याड त्यांचा लगदा होतो.
लगद्याचं पुढे काय होतं, ते ड्रायव्हर सांगतात :
फिनलंड, चीन,
लांबच्या भावकीबद्दल सांगावं तसं.

दिवसाला एकशे चाळीस ट्रक.

गावात आता दोन दंतवैद्य आहेत.
हे मुद्दाम सांगते,
कारण माझ्या आईच्या दाढा लोहाराने उपटल्या होत्या.
ओफेलियाने खुराडी पाडून सहा खोल्या बांधल्या,
नळाला गरम पाणी, भिंतीवर टीव्ही.
पहाटेच्या पाळीची पोरं उठत नाहीत
आणि कोंबडा तर तिनेच विकला,
म्हणून चार वाजता ती स्वतः पातेलं बडवत फिरते.
त्याचे वेगळे पैसे घेते.

माझी यामिला रोपवाटिकेत आहे.
एकाच झाडाच्या फांद्या कापून
सत्तर हजार लेकरं करते,
सगळी आईसारखी, एकही बापावर गेलेलं नाही.
माझ्या दुप्पट पगार.
तिने आणलेला फ्रीज बर्फ थुंकतो.
रात्री तो खडखडला की मी दचकते,
मग हसते,
मग झोप लागत नाही.

इराल्डोच्या विहिरीचा दोर
दर उन्हाळ्यात हातभर वाढतो.
सभेत कारखान्याचे साहेब म्हणाले, पुरावा आहे का?
त्याने दोरच नेऊन टेबलावर ठेवला :
तळाशी बापाचा ताग, मग सुतळी,
मग निळं नायलॉन, मग हिरवं,
गाठी मोजत गेलं तर अकरा उन्हाळे.
साहेबांनी फोटो काढला.
मग सँडविच आली, आम्ही खाल्ली.
मीही दोन खाल्ली.

जूनपासून काट्यावर कॅमेरा बसणार.
तो नंबर वाचेल, वजन घेईल, पावती देईल.
मला कँटीनच्या हिशेबाला ये म्हणालेत,
सावलीत, पंख्याखाली.
वाईट काय आहे त्यात?
यामिला विचारते. मलाही सांगता येत नाही.

काल हेरोनिमो आला, चालत.
पाठीवर एक पोतं : उरलेल्या सात मेंढ्यांची लोकर.
घेणारा कुणी नाही, त्यालाही माहीत होतं.
म्हणाला, नेलिदा, फक्त किती भरते ते सांग.

नवा काटा वीस किलोच्या पायऱ्यांनी चढतो.
पोतं ठेवलं.
पडद्यावर शून्य.
त्याने पोतं नीट केलं, पुन्हा ठेवलं.
शून्य.
मागे ट्रकांची रांग, पहिल्याने हॉर्न दिला.

मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, चढ.
कुठे?
काट्यावर, आणखी कुठे. दोन्ही पाय ठेव.

तो पोत्याशेजारी उभा राहिला,
टोपी काढून, फोटोला उभं राहावं तसा.
ऐंशी किलो.
मालाच्या रकान्यात यंत्राला दोनच शब्द येतात :
ओंडके, आणि रिकामा.
मी ओंडके दाबलं.

त्याने पावती लांब धरून वाचली,
चार घड्या केल्या, शर्टाच्या खिशात ठेवली,
आणि पोतं उचलून आला तसा गेला.
ट्रक पुढे आला.
ड्रायव्हरने विचारलं, म्हाताऱ्याचा माल कसला?
मी म्हटलं, नंबर सांग.