अर्धा र

आमचं सॉफ्टवेअर फुकट आहे,
म्हणजे त्याला मालक नाही,
म्हणजे रात्री साडेबारानंतर कन्नमवार नगरात
जो जागा असतो, तो मालक.
बारा वर्षं तो मी होतो.

काम एवढंच : मराठी अक्षरं
न मोडता कागदावर उतरवायची.
पैसे कुणालाच नाहीत,
त्यामुळे माज करायला मोकळीक.

तहसीन मुकादम हे नाव पहिल्यांदा आलं ते मार्चमध्ये.
सात ओळींची दुरुस्ती, सोबत अडखळतं एक वाक्य :
अर्धा र कधी कधी डोक्यावर चढतो.
मी वाचलं नाही. म्हणजे वाचलं,
कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचतात तसं.
आणि लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं,
'आधी व्याकरण शिका, मग आम्हाला शिकवा.'
अकरा जणांनी अंगठे दिले.
मी ते मोजले. झोप छान लागली.

ओर्लेमची एडविना परेरा, आमच्यातली सगळ्यात जुनी,
एवढंच म्हणाली : चालवून पाहिलंस का?
मी म्हटलं, वेळ कुणाला आहे.

ऑगस्टमध्ये कुर्ल्याहून एक तक्रार आली.
कोर्टाबाहेरच्या टपरीवर टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र,
मंगल कार्यालयातल्या चौघांच्या थकलेल्या पैशांचं.
लिहिलं होतं 'आचाऱ्यांची मजुरी',
छापून आलं 'आचार्यांची मजुरी'.
समोरचा वकील हसला म्हणे :
आचार्य कधीपासून बटाटे सोलायला लागले?
पुढची तारीख पडली.
चौघांपैकी एकाच्या नखांत हळद होती,
असंही तक्रारीत लिहिलं होतं.
तक्रारीत असलं कुणी लिहीत नाही.
खाली सही : मुकादम, टायपिंग आणि झेरॉक्स.

मी मार्चमधल्या त्या सात ओळी शोधल्या.
आमच्याकडे काहीच पुसलं जात नाही,
कोड नाही आणि कुचकेपणाही नाही.
माझं वाक्य तारखेसकट, सेकंदासकट
तिथंच बसलेलं, अकरा अंगठ्यांच्या मखरात.
ओळी चालवून पाहिल्या.
र खाली उतरला, य ला टेकला,
पापणी मिटावी तसा.

तिला खाजगीत लिहितो, मी म्हटलं.
चारचौघांत बोललास ना, एडविना म्हणाली,
मग चारचौघांतच.

चार वेळा लिहिलं.
पहिल्यात कारणं होती. ऑफिस, आईचं डायलिसिस.
खरी होती, पण तिची नव्हती.
दुसऱ्यात मीच फार होतो.
तिसरं इंग्रजीत, तिथं यू म्हणून सुटता येतं.
चौथ्याला मराठीत बसलो
आणि पहिल्याच शब्दाला ठरवावं लागलं :
तू, की तुम्ही.

'तुमचं बरोबर होतं. मी न पाहता बोललो.
तुमची दुरूस्ती तुमच्या नावाने घेतली आहे.'

तीन दिवस काही नाही.
मग :
'टेस्ट जोडली आहे. दर्या, दऱ्या, आचाऱ्यांना, सगळं पास.
ता. क. दुरुस्तीमधला रु ऱ्हस्व असतो.'

मी खुर्चीत एकटाच हसलो. आई आतून म्हणाली, काय झालं?
व्याकरण शिकतोय, म्हटलं.

आता आम्ही नियम लिहितोय, एकमेकांशी कसं वागायचं त्याचे.
वर 'आचारसंहिता' घातलं तर कुणीतरी विचारलं,
निवडणूक आली का?
एडविनाला वीस कलमं हवीत. वाद चालू आहे,
बऱ्यापैकी सभ्य भाषेत.
तहसीन फारसं बोलत नाही, शुद्धलेखन तपासते.
कुणी नवीन आलं की मी आता आधी चालवून बघतो.
नेहमी नाही. गेल्या गुरुवारी पुन्हा
अर्धं वाक्य टाइप करून खोडलं.

चौघांची तारीख चौदाला आहे.
नवा कागद तिनेच काढून दिलाय, पैसे न घेता.
त्या टपरीवर मी अजून गेलेलो नाही.
कन्नमवार नगरापासून कुर्ला,
पाऊण ताससुद्धा लागत नाही.