पंधरावी चिठ्ठी

डंडीच्या कोर्टात काचेच्या भांड्यातून
शेवटची चिठ्ठी निघाली, माझी.
कारकून नावाशी अडखळला,
तोवर मी उठलेच होते.

लेस्टरची नणंद फोनवर : आमच्याकडे बारा.
तुमच्या थंडीत माणसं जास्त लागतात वाटतं!
टॅम्पाचा भाचा : इकडे सहा भरले की पुरे.

मला आपलं पाचामुखी परमेश्वर ठाऊक.
मग उरलेल्या दहा तोंडांतून
कोण बोलतं?

खोलीतलं सांगायला कायद्याची बंदी.
हे बाहेरचं, म्हणून सांगते :
बोटीचं इंजिन चोरल्याचा आरोप,
रॉरी लॉर्नी, वय एकोणीस,
बाहीचा सुटलेला धागा ओढत
ओठांतल्या ओठांत आम्हाला मोजत होता.
माझ्यापाशी आला की आकडा चुकायचा,
पुन्हा पहिल्या खुर्चीपासून.